उतारशाळेतला माणूस

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण इतक्या वेळा ऐकलेला आहे की, मिस्सामध्ये तो वाचला जाऊ लागला म्हणजे पुढचे वाक्य आपले मन आधीच उच्चारून मोकळे होते. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी ती वाट, लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला वाटसरू, दुसऱ्या बाजूने निघून गेलेला याजक, त्याच्यामागून तसाच गेलेला लेवी आणि ज्याच्याकडून कोणी काहीच अपेक्षिले नव्हते असा तो परका शोमरोनी. प्रवचनात बहुधा या चौघांविषयी बोलले जाते आणि ते योग्यही आहे. परंतु दाखल्यात आणखी एक माणूस आहे. त्याला नाव नाही, त्याच्या तोंडी एक शब्द नाही, आणि त्याच्याविषयी केलेले प्रवचन निदान मी तरी आजवर ऐकलेले नाही. हा माणूस म्हणजे उतारशाळेचा रखवालदार.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात त्याच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली आहे. शोमरोनी जखमी वाटसरूला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत आणतो, रात्रभर त्याची काळजी घेतो आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार रखवालदाराच्या हाती ठेवून पुढच्या प्रवासाला निघतो. जाताना तो सांगतो की, याची शुश्रूषा कर, याहून अधिक खर्च झाला तर तो मी परत येताना भागवीन. द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून आपल्याला ठाऊक आहे की, एक दिनार म्हणजे मजुराच्या एका दिवसाचा रोज होता. म्हणजे दोन दिवसांची मजुरी त्या रखवालदाराला आगाऊ मिळाली. ओरिगेन आणि संत ऑगस्टीन या प्राचीन आचार्यांनी या उतारशाळेत ख्रिस्तसभेचे रूप पाहिले. ऑगस्टीनने तर रखवालदाराच्या ठिकाणी प्रेषित पौलाला पाहिले. तो अर्थ उदात्त आहेच. पण त्या उदात्त अर्थामागे हाडामांसाचा, हिशेब लिहिणारा, पैसे घेऊन खोली देणारा माणूस मात्र झाकला गेला.

त्याच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहू या. त्याचा धंदा मुक्कामाची सोय करण्याचा. भल्या पहाटे एक अनोळखी गिऱ्हाईक दोन दिनार देऊन निघून गेले आहे आणि मागे ठेवले आहे एक रक्तबंबाळ शरीर. शोमरोनी दृष्टीआड झाल्यावर त्या खोलीत काय चालते हे पाहणारा कोणी नाही. जखमी माणूस शुद्धीवर असेलच असे नाही. आपल्याला काय मिळाले आणि काय मिळायला हवे होते, हे त्याला कधीच कळणार नाही. रखवालदाराने त्याला गोठ्याच्या कोपऱ्यात टाकले असते तरी चालून गेले असते. वर अधिक खर्चाची खोटी यादी करून ठेवली असती तर तिचेही पैसे मिळाले असते. त्याने प्रत्यक्षात काय केले? प्रभू येशू ते सांगत नाही. दाखला तेथेच थांबतो. ही जागा प्रभूने आपल्यासाठी मोकळी सोडली असावी, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

कारण आपल्यापैकी फार थोडे जण वाटेवरचे शोमरोनी असतात. बहुतेक सगळे उतारशाळेतले असतात. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांकडे नजर टाकली तर कोणी परिचारिका आहे, कोणी औषधाच्या दुकानात आहे, कोणी शाळेत, कोणी रेल्वेत, कोणी बँकेच्या किंवा कचेरीच्या खिडकीमागे बसते. आपल्यापुढे येणारा माणूस आपण वाटेत शोधलेला नसतो, तो आपल्याकडे धाडलेला असतो. आणि त्याच्यासाठी आपण जे काही करतो त्याचा पगार आपल्याला मिळतो. मग प्रश्न असा की, पगार घेऊन केलेल्या कामाला सेवा म्हणता येईल काय? आणि काम पुरे केल्यावरही, समोरच्या माणसाचे आपण काही देणे लागतो काय?

हा प्रश्न ख्रिस्तसभेत नवा नाही. संत कमिल्लस यांचा जन्म १५५० चा. तारुण्यात ते भाडोत्री शिपाई होते आणि जुगाराच्या नादाला लागलेले होते. पायाची एक जखम काही केल्या भरेना, म्हणून ते रोमच्या संत जेम्सच्या रुग्णालयात दाखल झाले आणि तेथेच नोकर म्हणून राहिले. जुगारापायी एकदा त्यांना तेथून काढूनही टाकण्यात आले होते. पुढे मनःपरिवर्तन होऊन ते परत आले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, पैशासाठी ठेवलेले नोकर रोग्यांची आबाळ करतात. त्यावर त्यांनी काढलेला मार्ग सरळ होता. मोबदल्याची अपेक्षा न धरता, केवळ ख्रिस्ताच्या प्रेमाखातर रोग्यांची सेवा करणाऱ्या माणसांचा त्यांनी एक संघ उभारला. पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५८६ साली त्याला मान्यता दिली. आई आपल्या एकुलत्या एक आजारी लेकराचे जसे करते तसे रोग्याचे करावे, अशी त्यांची शिकवण होती, आणि रोगी हे आपले धनी आहेत असे ते मानीत. त्यांच्या पायाची जखम १६१४ साली मृत्यू येईपर्यंत बरी झाली नाही. रोगी आणि शुश्रूषा करणारा, या दोन्ही भूमिका त्यांनी एकाच देहाने भोगल्या.

संत कमिल्लस यांचा मार्ग थोर होता, पण तो सर्वांचा होऊ शकत नाही. जगातली सगळी रुग्णालये, शाळा आणि कचेऱ्या व्रतस्थांवर चालणार नाहीत. परिचारिकेला घर आहे, मुलांची फी आहे, म्हाताऱ्या सासूचे औषध आहे. तिने पगार घेतलाच पाहिजे. म्हणून पगारी माणसाचा धर्म कोणता, हा प्रश्न संतांच्या चरित्रात सुटत नाही. तो आपल्यालाच सोडवावा लागतो. मला तो फार उशिरा पडला. कसा पडला ते सांगणे मला सुखाचे नाही, पण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

वऱ्हाडातल्या एका गावी मी बँकेत कारकून होतो. तो काळ कापूस एकाधिकार खरेदी योजनेचा होता. १९७२ साली सुरू झालेल्या या योजनेत शेतकऱ्याने खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगेत उभे राहायचे, ग्रेडरने प्रत ठरवायची, काट्यावर माप व्हायचे आणि मग चुकाऱ्याची वाट पाहायची. हंगामात आमच्या खिडकीपुढे धोतरे आणि मुंडाशी दाटीने उभी असत. आम्ही पितळी टोकन देत असू आणि टोकनाचा नंबर पुकारीत असू. एके दिवशी एक म्हातारा शेतकरी आला. त्याच्या अंगठ्याचा ठसा नीट उमटला नाही. मी त्याला ओळख देणारा माणूस घेऊन ये म्हणून परत पाठवले. दुसऱ्या खेपेला त्याने आणलेल्या माणसाचे आमच्याकडे खाते नव्हते. मी मान वर न करता म्हणालो, "उद्या ये." तिसऱ्या दिवशी तो हात जोडून म्हणाला, "साहेब, तिसरी खेप हाय जी माही. आज तरी चुकारा भेटन काय?" आमचा शिपाई त्याच्याच गावचा होता. मी पहिल्याच दिवशी एवढे विचारले असते तर दोन दिवसांचा येण्याजाण्याचा खर्च आणि दोन दिवसांची मजुरी त्या माणसाची वाचली असती. दोन दिवसांची मजुरी, म्हणजे दाखल्यातले दोन दिनारच. शोमरोन्याने ते रखवालदाराला दिले होते. मी ते जखमी माणसाकडून घेतले.

मी कोणताही नियम मोडला नव्हता. कोणी तक्रार केली नाही. पैसे मिळाल्यावर तो म्हातारा मलाच नमस्कार करून गेला, आणि मी ते सारे विसरूनही गेलो.

त्यानंतर काही वर्षांनी माझी आई आजारी पडली आणि तिला एका मोठ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात ठेवावे लागले. केसपेपरच्या खिडकीपाशी मी उभा होतो. पलीकडच्या माणसाने मान वर न करता सांगितले, "तो कागद नाही. उद्या ये." ते शब्द कानावर पडले आणि अंगावर काटा आला, कारण तो आवाज मी ओळखला. तो माझा होता. त्या माणसावर रागावण्याचा अधिकार मी पूर्वीच गमावलेला होता.

कक्षात आईची तपासणी पडदा न ओढताच होत असे. डोक्यावरचा पदर कधी ढळू न दिलेली ती बाई भिंतीकडे तोंड करून पडून राही. तिच्या पोटावर हात ठेवून डॉक्टर विद्यार्थ्यांना शिकवीत, ते इंग्रजीत. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती मला म्हणाली, "इथं मले समदे बावीस नंबर म्हन्तात. माह्यं नाव कोनं इचारलंच नाही रे बाप्पा." उपचार चांगले चालले होते, औषधे वेळेवर मिळत होती आणि ती बरी होऊन घरी आली हेही खरे. पण त्या रुग्णालयाविषयी ती पुढे कधी बोलली तर एका परिचारिकेविषयीच बोलली. रात्रपाळीची ती तरुण मुलगी खाटेजवळ आल्यावर आधी म्हणत असे, "आजी, नाव काय हो तुमचं?" आणि इंजेक्शन देण्यापूर्वी, "आता टोचते आहे, थोडं दुखेल," असे सांगत असे. ती आपल्या धर्माची नव्हती. आई मात्र तिच्यासाठी अखेरपर्यंत जपमाळेचे एक दशक म्हणत असे.

मराठी भाषेने आपल्याला 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' असे तीन शब्द दिले आहेत. 'तू' हा प्रेमाचा शब्द आहे. आपण परमेश्वरालाही 'तू' म्हणतो. पण परक्या, वयाने मोठ्या आणि अडचणीत सापडलेल्या माणसाला खिडकीच्या आतून म्हटलेले 'तू' प्रेमाचे नसते. त्यात, तुला माझ्यावाचून गत्यंतर नाही, असा अर्थ असतो. आणि गमतीची गोष्ट अशी की, तोच कारकून पुढच्या क्षणी इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसाला 'बसा ना, साहेब' म्हणतो. म्हणजे त्याला आदर येत नाही असे नव्हे. तो कोणाला द्यायचा हे त्याने कपडे पाहून ठरवलेले असते. संत याकोबाने आपल्या पत्रात नेमक्या याच गोष्टीसाठी पहिल्या ख्रिस्ती मंडळींची कानउघाडणी केली आहे: सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाचे आसन आणि गरिबाला पायाशी जागा. दोन हजार वर्षांत खुर्च्या बदलल्या, सवय तशीच राहिली.

आपल्या भागात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. अमरावतीचे इर्विन आणि डफरीन, अकोल्याचे लेडी हार्डिंग ही रुग्णालये गोरगरिबांच्या तोंडी अजून त्या जुन्याच नावांनी आहेत. मेळघाटातून घाट उतरून येणारा कोरकू माणूस अमरावतीला पोहोचतो तेव्हा तो आपले गावच नव्हे तर आपली भाषाही मागे ठेवून आलेला असतो. कोरकू ही मराठीची बोली नाही; तिचे कूळ मुंडा भाषांचे आहे. डॉक्टर मराठीत विचारतात आणि ती आदिवासी बाई प्रत्येक प्रश्नाला मान डोलावते. तिला समजले म्हणून नव्हे, तर 'नाही' म्हणण्याची भीती वाटते म्हणून. मग कागदावर तिचा अंगठा उमटतो आणि तिने संमती दिली असे आपण समजतो. यरीहोच्या वेशीजवळचा आंधळा बार्तीमय प्रभूला हाका मारीत होता. त्याला काय हवे ते उघड दिसत असतानाही प्रभूने त्याला विचारले की, मी तुझ्यासाठी काय करावे असे तुला वाटते. सर्व काही जाणणाऱ्याने विचारले. आपल्याला तर काहीच ठाऊक नसते, तरी आपण विचारीत नाही.

या भूमीने याबाबतीत आपल्याला फार मोठे शिक्षक दिले आहेत. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेणगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, परीट समाजातले. इतरांचे मळके कपडे धुऊन स्वच्छ करण्याचा व्यवसाय त्यांच्या घराण्यात होता. १९०५ साली घर सोडल्यावर ते हाती खराटा घेऊन गावोगाव हिंडले. गावात शिरल्यावर ते आधी झाडलोट करीत आणि मगच भाकरी स्वीकारीत. कामावाचून खायचे नाही, हा त्यांचा दंडक होता. अशा माणसाने पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. धर्मशाळा म्हणजे उतारशाळाच. दाखल्यातला रखवालदार प्रत्यक्ष पाहायचा असेल तर तो मला येथे दिसतो. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी दूरदूरून आलेली गरीब माणसे आणि त्यांचे नातलग तेथे उतरतात. रोग्याबरोबर आलेला माणूसही थकलेला असतो, त्यालाही अंघोळीला पाणी आणि पाठ टेकायला जागा लागते. ही जाण ठेवणे हा सुद्धा रोग्याचा आदरच होय. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीला येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. हजारोंच्या मुक्कामाची सोय करणाऱ्याला मृत्यूही वाटेवर यावा, यात काही विसंगत नव्हते.

दुसरे नाव अमरावतीच्या तपोवनाचे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन (१८९२–१९८६) हे होमिओपॅथीचे डॉक्टर आणि स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते. त्यांनी १९४६ साली अमरावतीनजीक कुष्ठरुग्णांसाठी ही वसाहत उभारली. १९५९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या काळी या रोगाला 'महारोग' म्हणत आणि रोग्याकडे पाहण्याची कायद्याची दृष्टीही वेगळी नव्हती. १८९८ च्या कायद्यान्वये निराधार कुष्ठरोग्याला पकडून कोंडून ठेवता येत असे. तो कायदा २०१६ साली रद्द झाला. तपोवनात या माणसांच्या हाती भिक्षेचे भांडे राहिले नाही. तेथे हातमाग आले, सुतारकाम आले, शेती आली. झडलेल्या बोटांचा माणूस वस्तू करू लागला आणि गावातला धडधाकट माणूस त्याचे गिऱ्हाईक झाला. कुष्ठरोग्याच्या हातची वस्तू विकत घेणे त्या काळी मनाला सोपे नव्हते. पण दया करणे आणि आदर करणे यांतला फरक येथे लख्ख दिसतो. दयेत एक हात सदैव वर असतो आणि एक सदैव खाली. आदरात समोरच्यालाही काही देता येते, हे आपण मान्य करतो.

आता कोणी म्हणेल की, हे सारे कायद्यानेच साधेल. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवाही त्या कायद्याखाली येते. २०१९ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. या कायद्यांमुळे पुष्कळांना न्याय मिळाला, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. परंतु त्या १९९५ च्या निकालातच एक मर्यादा सांगितलेली आहे. जेथे सर्वांनाच मोफत उपचार दिले जातात तेथील रोगी हा ग्राहक ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते तर्काला धरून असेल. पण त्याचा अर्थ असा होतो की, ज्याच्यापाशी द्यायला काहीच नाही त्याच्यासाठी हा दरवाजा उघडत नाही. कायदा मोबदल्याच्या मागोमाग चालतो. आदराला मात्र मोबदल्याची पावती मागता येणार नाही. दाखल्यातल्या जखमी माणसाने स्वतः एक पैही दिलेली नव्हती.

उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. हल्ली मोठ्या शहरांतून चकचकीत रुग्णालये झाली आहेत. तेथे दारातच हसतमुखाने स्वागत होते, 'सर' आणि 'मॅडम' यांवाचून हाक मारली जात नाही. हे वाईट नाही. परंतु गोड बोलून नको असलेल्या तपासण्या करायला लावल्या, खरे निदान लपवले, किंवा एकाच्या दुखण्याची गोष्ट दुसऱ्याला सांगितली, तर ते गोड बोलणे आदर ठरत नाही. व्यवसायनिष्ठा म्हणजे केवळ वागण्याची सफाई नव्हे. आपले काम नीट शिकून घेणे, ते कोणी पाहत नसतानाही तितकेच नीट करणे, हिशेब खरा ठेवणे, विश्वासाने सांगितलेले पोटात ठेवणे आणि समोरच्याला त्याच्याच आयुष्याविषयी खरे सांगणे, या सर्वांचे मिळून ते नाव आहे. एखादा तुसडा पण प्रामाणिक डॉक्टर गोड बोलणाऱ्या लबाडापेक्षा कितीतरी बरा. मात्र प्रामाणिक असूनही तुसडेच राहावे, असा काही नियम नाही.

रुग्णालयात काम करणाऱ्या आपल्या बहिणी यावर म्हणतील, आणि त्यांना तो अधिकार आहे, की बाहेरून बोलणे सोपे असते. एकेका पाळीत एकटीने भरलेला कक्ष सांभाळायचा, खाटांमधल्या जागेतही अंथरलेले रोगी ओलांडायचे, औषधे संपलेली असताना नातलगांच्या शिव्या खायच्या, प्रसंगी मारही खायचा. डॉक्टर आणि परिचारिकांवर हात उगारला जाऊ नये म्हणून महाराष्ट्राला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, ही आपल्या सर्वांना शरमेची बाब आहे. आपल्याकडे प्रत्येक परिचारिकेला, मग ती कोणत्याही धर्माची असो, 'सिस्टर' म्हणतात. बहीण म्हणून हाक मारायची आणि मोलकरणीसारखे हुकूम सोडायचे, हा दोष रोग्याच्या बाजूचा आहे. आदर हा खिडकीच्या दोन्ही बाजूंना लागू आहे. तरीही एक गोष्ट राहतेच. 'तू' म्हणायला जितका वेळ लागतो तितकाच 'तुम्ही' म्हणायला लागतो. पडदा ओढायला दोन क्षण पुरतात. मान वर करून पाहायला तर तेवढेही लागत नाहीत.

आणि ही गोष्ट केवळ रुग्णालयांची आणि बँकांची आहे असे समजून आपण सुटणार नाही. आपल्या संस्थांनाही तीच कसोटी लागू आहे. बाप्तिस्म्याचा दाखला मागायला आलेली विधवा धर्मग्रामाच्या कचेरीत कशी बोलावली जाते? शाळेची फी थकलेल्या मुलाच्या बापाला उभे ठेवले जाते की बसायला सांगितले जाते? भिंतीवर क्रूस आहे म्हणून त्याखाली बसलेल्याचा आवाज आपोआप मृदू होत नाही. क्रुसावरच्या प्रभूकडे पाठ करून बसण्याचीच खुर्ची अनेकदा तेथे मांडलेली असते.

पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली जागतिक रुग्णदिन घोषित केला आणि १९९३ पासून तो दर वर्षी ११ फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणाला, पाळला जातो. त्या दिवशी आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो, अनेक ठिकाणी त्यांना तैलाभ्यंगाचा संस्कार दिला जातो. त्याच दिवशी खिडकीच्या आत बसणाऱ्या आपण सर्वांनी पापनिवेदनाआधी स्वतःला थोडे प्रश्न विचारावेत असे मला वाटते. या वर्षात मी कोणाला विनाकारण दुसरी खेप घालायला लावली? कोणाचे नाव विचारायचे राहून गेले? जो तक्रार करू शकत नव्हता त्याच्याशी मी कसा वागलो? मी हे प्रश्न विचारायला लागलो तोपर्यंत निवृत्त झालो होतो. त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचे नाव मला आठवत नाही. त्याच्या चेकवर ते असणार, मी ते वाचलेही असणार. नंबर मात्र मीच पुकारला होता.

शोमरोन्याच्या शेवटच्या बोलण्याकडे मी आता पुन्हा पुन्हा वळतो. दोन दिनारांत काय येते ते ठरलेले आहे: खाट, अन्न, तेल, पट्टी. त्यापलीकडे जे लागते, म्हणजे दिवसाच्या अखेरीस उरलेला धीर, थकल्यावरही वर केलेली मान, नाव विचारण्याची आठवण, ते कोणत्याही पगारात धरलेले नसते. ते पदरचे घालावे लागते. ते आपले देणेच आहे. म्हणून ते फुकट होते असे मात्र नव्हे, आणि शोमरोनीही तसे म्हणत नाही. अधिक खर्च होईल हे त्याने आधीच ओळखले आहे, आणि परत येऊन तो भागवण्याचे वचन दिले आहे. तो येईल तेव्हा वही उघडली जाईल. तिच्यात आपल्या हाताने काय लिहिलेले असावे, हे ठरवायला अजून अवधी आहे.